शुगरवाल्यांचं पित्त: गोळी सुरू करण्याआधी काय तपासायचं

खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कुठल्याही बाजारपेठेतल्या मेडिकलवर सकाळी थोडा वेळ उभे राहा. ‘ती रिकाम्या पोटीची द्या हो’ म्हणत पँटोप्राझोलची, म्हणजे जठरातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळीची, पट्टी नेणारी माणसं एकामागून एक येतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या दुसऱ्या हातात शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी असते. मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभा असतो, त्यामुळे हे रोज दिसतं. महिनोन्‌महिने पट्टी संपते, नवी येते, आणि ‘पित्त’ म्हणजे नेमकं काय, हे कोणी विचारत नाही.

ज्यांना नुकतीच शुगर निघाली आहे, किंवा शुगर जुनी असून पोटाची तक्रार नवीन आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. शुगर असलेल्या माणसाच्या ‘पित्ता’खाली चार-पाच वेगवेगळे आजार लपलेले असू शकतात. त्यातला एक, जठराची जुनाट सूज, वर्षानुवर्षं सावकाश पुढे सरकत काही थोड्या लोकांत कॅन्सरपर्यंत जातो. ती वाट मध्येच अडवता येते, पण कामं क्रमानं करावी लागतात. आधी तपासणी, मग गोळी. उलटं केलं तर गोळीच तपासणीला चकवते. ते कसं, ते पुढे येईलच.

भीती किती बाळगायची

जठराच्या कॅन्सरमागचं सगळ्यात मोठं कारण एक जंतू आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी. रिपोर्टवर ‘एच. पायलोरी’ लिहिलेलं असतं. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो जठरात शोधला. लोक विश्वास ठेवेनात म्हणून मार्शल यांनी जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन पोट बिघडवून दाखवलं. २००५ चं नोबेल या दोघांना मिळालं. १९९४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं हा जंतू कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात ठेवला आहे.

आपल्याकडे हा जंतू बहुतेक लहानपणीच पोटात शिरतो. घरातल्याच माणसांकडून, तोंडावाटे, दूषित पाण्यातून. भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांत तो सापडतो. तरीही भारतात जठराच्या कॅन्सरचं प्रमाण जपान-कोरियाच्या मानानं बरंच कमी आहे. या कोड्यावर डॉक्टर मंडळी अजून वाद घालतात. मिझोराममध्ये मात्र ते खूप जास्त आहे, आणि तिथं धुरावलेलं मांस आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी यांच्याकडे बोट दाखवलं जातं. जंतू असलेल्या शंभर माणसांत एक ते तीन जणांनाच आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो. म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून रात्रीची झोप उडवून घेण्याचं कारण नाही.

मग शुगरचा संबंध काय? शुगर असलेल्यांत धोका थोडा जास्त दिसतो, काही अभ्यासांत तर फरक सापडलेलाही नाही. पण जपानमधल्या हिसायामा गावातल्या लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेल्या अभ्यासात एक गोष्ट पुढे आली: जंतूही आहे आणि एचबीए१सीही (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) वाढलेलं आहे, अशांत धोका जास्त. हाँगकाँगच्या मोठ्या नोंदींत असंही दिसलं की जंतू मारल्यानंतरसुद्धा शुगर असलेल्यांत धोका इतरांपेक्षा वरचढ राहतो. म्हणून दोन्ही कामं एकदम करायची, जंतू घालवायचा आणि शुगर खाली आणायची. एकच करून थांबलं तर काम अर्धवट राहतं.

पहिली पायरी: हे पोटाचंच आहे ना?

ही पायरी छोटी आहे, पण चुकली तर पुढच्या पायऱ्या उरत नाहीत. शुगर असलेल्या माणसाला हार्ट अटॅक आला तरी छातीत कळ येईलच असं नाही. वरच्या पोटात जळजळ, मळमळ, घाम, धाप, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं, एवढ्यावरच ते भागतं. जळजळ अचानक सुरू झाली, चालताना किंवा चढण चढताना वाढली, सोबत घाम किंवा धाप असेल, जबडा, खांदा, डावा हात भरून आला, तर सोडा पिऊन वाट बघू नका. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा. रात्री दोन वाजता असं झालं तर सकाळच्या एस.टी.ची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

दुसरी पायरी: आठवडाभर वही

पोराची जुनी वही चालते. रोज चार गोष्टी लिहा: काय आणि किती वाजता खाल्लं, त्रास किती वाजता झाला, कोणत्या गोळ्या घेतल्या, आणि शुगर मोजली असेल तर आकडा. डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘सारखं पोट फुगतं’ एवढंच आठवतं. वही असली की तपासणीची दिशा निम्मी तिथंच ठरते. वहीत साधारण असे नमुने दिसतात.

शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी नुकतीच सुरू झाली किंवा डोस वाढला, आणि त्याच आठवड्यात मळमळ, तोंडाला धातूसारखी चव, पातळ संडास सुरू झाली, तर आधी त्या गोळीकडे बघायचं. जेवणानंतर घेतली, किंवा डॉक्टरांनी सावकाश विरघळणारी दिली, की बहुतेकांचं थांबतं. आपल्या मनानं बंद करून टाकू नका, ती तुमच्या शुगरच्या उपचाराचा पाया आहे.

दुसरा नमुना जुन्या शुगरवाल्यांचा. चार घास खाल्ले की पोट गच्च. रात्री ओकारी झाली तर त्यात दुपारची भाकरी तशीच. जेवल्यावर शुगर अचानक उतरते आणि नको त्या वेळी चढते. यात जठराची नस शुगरनं दुबळी झालेली असते, अन्न पुढे सरकत नाही. डॉक्टर याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. याला पँटोप्राझोलचा उपयोग फारसा नसतो. वेगळी औषधं लागतात, थोडं थोडं, मऊ आणि कमी तेलकट खावं लागतं. वजन आणि शुगर दोन्हींसाठी आठवड्याला एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन सुरू असेल, तर तेही जठर हळू करतं. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तिसरा, आडवं पडल्यावर घशाशी येणारं आंबट पाणी. त्याला झोपण्याआधी अडीच-तीन तास जेवण आटपणं, डोक्याकडची बाजू उंच करणं आणि पोटाचा घेर कमी करणं हाच मुख्य इलाज.

चौथा नमुना म्हणजे काहीच नमुना नसणं. जंतूची सूज पुष्कळ जणांत मुकीच असते. कधी रिकाम्या पोटी कुरतडल्यासारखं होतं, कधी जेवणानंतर जड वाटतं, कधी महिनाभर काही नाही. म्हणून वहीवरून जंतू ओळखता येत नाही, त्याला तपासणीच लागते.

तिसरी पायरी: गोळ्यांची पिशवी रिकामी करून बघा

घरातल्या सगळ्या पट्ट्या, देवघराच्या कोपऱ्यातल्या डब्यातल्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. नावं पाठ करायची गरज नाही. बेळगाव भागात डॉक्टर कन्नड बोलणारे असोत की मराठी, पट्टी बघून सगळ्यांना कळतं.

या पिशवीत बहुतेक वेळा चोर सापडतो: दुखण्याच्या गोळ्या. ऊसतोडणी, भांगलणी, दिवसभर विड्या वळत बसणं, आणि मग गुडघा आणि कंबर. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या मेडिकलवर मागितल्या की मिळतात, आणि वर्षभर रोज एक घेणारी माणसं मला माहीत आहेत. या गोळ्या जठराचं अस्तर सोलतात, वर शुगर असलेल्यांच्या किडनीलाही त्रास देतात. जंतू आणि या गोळ्या एकत्र आल्या की अल्सरचा धोका दोन्हींच्या वेगवेगळ्या धोक्यापेक्षा मोठा होतो. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन ही वेगळी बाब. तीही जठराला लागते, पण ती स्वतःहून थांबवणं धोक्याचं आहे. फक्त विचारा: ‘डॉक्टर, ही चालू असताना जंतूची तपासणी करून घेऊ का?’ हा प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर बहुधा ‘हो’ येईल.

कुठल्या खुणा दिसल्या की थेट दुर्बीण

खालच्यांपैकी एकही असेल तर जंतूसाठीच्या संडासाच्या तपासणीत वेळ घालवू नका, तोंडातून नळी घालून दुर्बिणीनं जठर बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची संडास. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. घास अडकणं. सारख्या उलट्या. वरच्या पोटात हाताला लागणारी गाठ. रक्त कमी निघणं, खासकरून पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या बायकांत. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर. आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, टिकून राहिलेली पोटाची तक्रार.

वजनाबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण शुगरवाले नेमके इथं फसतात. वजन उतरलं की घरचे खूश: ‘बघा, साखर बंद केल्याचा गुण आला.’ खरंही असेल. शुगर फार वाढली तरी वजन उतरतं, मेटफॉर्मिननं थोडं उतरतं, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्यांनी उतरतं. पण प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या वीसाव्या भागापेक्षा जास्त गेलं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन किलो, तर त्याचं कारण शोधायचंच. शुगर आटोक्यात आहे, जेवण तेच आहे, भूक मात्र मेली आहे, आणि पँटची कड सैल होते आहे, हे चित्र खुशीचं नाही.

काळ्या संडासीचा एक खुलासा: लोहाच्या गोळ्या आणि बिस्मथ असलेलं औषध यांनीही संडास काळी होते. पण ती डांबरासारखी चिकट नसते. शंका असेल तर दवाखान्यात दाखवा, घरी अंदाज बांधू नका.

जंतूची तपासणी, आणि गोळी तिला कशी चकवते

धोक्याची खूण नसेल, वय कमी असेल, तर नळी न घालताही जंतू शोधता येतो. दोन चांगल्या पद्धती आहेत. एक, संडासाच्या नमुन्यात जंतूचा अंश शोधणं, रिपोर्टवर ‘स्टूल अँटिजेन’ लिहितात. दुसरी श्वासाची: युरिया असलेलं द्रावण किंवा कॅप्सूल पोटात गेली की हा जंतू युरिया फोडतो, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड फुंकरीत पकडतात. श्वासाची सोय सगळीकडे नसते. संडासाचा नमुना मात्र तालुक्याच्या लॅबमध्येही घेऊन मोठ्या लॅबला पाठवतात. नमुना ताजा हवा, पाण्यासारखी पातळ संडास नको, आणि गावाहून न्यायला वेळ लागणार असेल तर डबी थंड कशी ठेवायची ते लॅबवाल्यांना आधी फोन करून विचारा.

रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी स्वस्त आणि सोपी, म्हणून काही ठिकाणी तीच करतात. जंतू कधीतरी होता की आत्ताही आहे, हे तिला नीट सांगता येत नाही. जंतू मेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते. तिच्यावर पैसे घालवू नका.

आता चकव्याची गोष्ट. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या गोळ्यांनी जंतूंची संख्या दबते, जंतू मरत मात्र नाहीत. मग तपासणी खोटी निगेटिव्ह येते, माणूस निर्धास्त होतो, आणि सूज आत चालूच राहते. म्हणून तपासणीच्या आधी दोन आठवडे या गोळ्या बंद हव्यात. अँटिबायोटिक आणि बिस्मथ चार आठवडे आधीपासून बंद. मधल्या काळात जळजळ झाली तर साधं अँटासिड चालतं, शुगर-फ्री मागून घ्या. अल्सरमधून रक्त गेलेलं असेल किंवा ॲस्पिरिन चालू असेल तर पँटोप्राझोलसारखी गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

माझ्या मते या सगळ्या लेखातली ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे. पट्टी आणायला आलेल्या माणसाला ‘जंतूची तपासणी केलीय का?’ विचारलं की तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याचं गिऱ्हाईकपण नाकारतोय.

दुर्बीण करायची ठरली तर

पाच-दहा मिनिटांचं काम असतं. अवघड असते ती शुगर असलेल्याची उपाशी राहण्याची व्यवस्था. सकाळची पहिली वेळ मागा, ‘शुगर आहे’ म्हणून सांगा. साधारण सहा ते आठ तास पोट रिकामं हवं, आणि जठर हळू चालणाऱ्यांना आदल्या दिवशी हलकं खायला सांगतात.

गोळ्यांचं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. साधारण रीत अशी: सकाळची शुगरची गोळी आणि जेवणाआधीचं इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचं नाही. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन पूर्ण बंद करत नाहीत, डोस कमी करून देतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन दोन-तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण उपाशी असताना त्यांनी रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर तारीख ठरवतानाच सांगा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर बायोप्सीआधी, म्हणजे तपासायला अस्तराचा छोटा तुकडा काढण्याआधी, काय करायचं ते विचारा. निघताना शुगर मोजा, सोबत माणूस न्या. गुंगी दिली तर त्या दिवशी मोटरसायकल चालवायची नाही. वाटेत घाम फुटून हात थरथरू लागले तर ग्लुकोज घ्या आणि पोचल्यावर सांगा. तपासणी एक दिवस पुढे गेली तर काही बिघडत नाही.

आत गेल्यावर डॉक्टरांनी बायोप्सी घेतली म्हणजे कॅन्सरचा संशय आहे, असं समजू नका. जंतू आणि अस्तराची अवस्था बघायला ती घ्यावीच लागते.

रिपोर्टवरचे शब्द

‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’ म्हणजे जठराच्या खालच्या भागात लालसर सूज. हे जवळजवळ प्रत्येक रिपोर्टवर असतं, नुसत्या या शब्दानं घाबरू नका. ‘एरोझिव्ह’ म्हणजे अस्तर खरवडलं गेलंय, तेव्हा दुखण्याच्या गोळ्या आठवा. ‘आरयूटी पॉझिटिव्ह’ म्हणजे जंतू आहे.

खरं महत्त्व बायोप्सीच्या शब्दांना. ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’ ही जुनी सूज. ‘ॲट्रॉफी’ म्हणजे अस्तरातल्या ग्रंथी झिजल्या. ‘इंटेस्टायनल मेटाप्लाझिया’ म्हणजे जठराच्या अस्तरानं आतड्यासारखं रूप घेतलं. ‘डिस्प्लाझिया’ म्हणजे पेशींची रचना बिघडली, आणि त्यानंतर कॅन्सर. या साखळीचं वर्णन पेलायो कोरिया या डॉक्टरांनी १९७५ मध्ये मांडलं. एका कडीवरून दुसरीवर जायला वर्षं, कधी दशकं लागतात, आणि बहुतेक माणसं मध्येच थांबतात. क्रॉनिक गॅस्ट्रायटिसवर असताना जंतू घालवला तर अस्तर बऱ्याच अंशी पूर्ववत होतं. झीज आणि मेटाप्लाझिया जठरभर पसरलेलं असेल तर साधारण दर तीन वर्षांनी दुर्बीण करायला सांगतात, घरात कुणाला जठराचा कॅन्सर असेल तर त्याहून लवकर. डिस्प्लाझिया असेल तर महिन्यांच्या हिशेबात वागायचं आणि मोठ्या ठिकाणी दाखवायचं. अगदी सुरुवातीचा कॅन्सर दुर्बिणीतूनच काढता येतो, पोट फाडावं लागत नाही. उशीर झाला की ही संधी जाते.

जंतू मारण्याचे चौदा दिवस

औषधं तीन-चार प्रकारची एकदम असतात: आम्ल कमी करणारी गोळी, दोन अँटिबायोटिक, बऱ्याचदा बिस्मथही. चौदा दिवस. शुगर असलेल्यांत हा जंतू पहिल्या फटक्यात न जाण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि भारतात मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू सर्रास आहेत. त्यामुळे सात दिवसांचं ‘किट’ आणि सहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात, हा प्रकार नको.

शुगरवाल्यांसाठी खास सावधगिरी. कोर्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असेल तर ते ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइडसारख्या गोळ्यांचा जोर वाढवून शुगर धोकादायक खाली नेऊ शकतं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीही जपावं, कारण या दिवसांत तोंड कडू होतं, भूक मरते, आणि खाल्लं नाही तरी शुगरची गोळी आपलं काम करतेच. या दोन आठवड्यांत शुगर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजा. कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर क्लॅरिथ्रोमायसिनसोबत स्नायूंना इजा होऊ शकते, डॉक्टर ती तेवढ्यापुरती थांबवतात किंवा बदलतात. मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल असेल तर दारू पूर्ण बंद. लग्नसराईत किंवा जत्रेच्या आठवड्यात कोर्स सुरू करू नका, हा माझा खास सल्ला.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबून, तपासणीआधीचे दोन आठवडे पँटोप्राझोल बंद ठेवून, पुन्हा संडासाची किंवा श्वासाची तपासणी. ही दुसरी तपासणी जवळजवळ सगळेच बुडवतात. बरं वाटणं म्हणजे जंतू गेला असं नसतं. राहिला असेल तर दुसऱ्या वेळी वेगळी अँटिबायोटिक लागतात, तीच जुनी चिठ्ठी मेडिकलवर दाखवून परत आणू नका.

पायाला मुंग्या येतात त्यांच्यासाठी

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. आम्ल मारणारी गोळी बराच काळ घेतली तरी कमी होतं. जठराच्या अस्तराची झीज झाली तर शोषलंच जात नाही. आपल्यातले बरेच जण शाकाहारी, तिथं आधीच कमी. मग पाय बधीर होतात, मुंग्या येतात, आणि सगळे म्हणतात ‘शुगरच्या नसा’. वर्षातून एकदा बी-१२ आणि हिमोग्लोबिन बघा. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या, म्हणजे टाइप १ शुगरच्या लोकांत शरीर स्वतःच जठराच्या अस्तरावर उलटण्याचा आजार जास्त आढळतो. त्यात बी-१२ फार खाली जातं आणि जठरात गाठी होण्याचा धोका वाढतो, म्हणून अधूनमधून दुर्बीण लागते.

आणखी एक. लोह किंवा बी-१२ कमी असेल तर एचबीए१सीचा आकडा खोटा वर दिसू शकतो. रक्त कमी आहे हे डॉक्टरांना माहीत नसेल तर ते शुगरची गोळी वाढवतील.

ताट आणि तंबाखू

मिरचीला उगाच बदनाम करतात. ब्याडगीच्या लाल चटणीनं सुजलेलं जठर जळतं हे खरं, पण जंतू मिरचीनं येत नाही. जठराच्या कॅन्सरशी जास्त जवळचं नातं आहे मिठाचं, मिठात मुरवलेल्या आणि धुरावलेल्या पदार्थांचं. खारवलेला बांगडा, सुकट, वर्षभराचं लोणचं, पापड. दिवसाचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत ठेवा, एक छोटा चमचा. बीपी असेल तर दुहेरी फायदा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताजं ताक, मोड आलेली कडधान्यं, हे शुगरला आणि जठराला दोघांनाही चालतं. खानापूरकडच्या आमसुलाचं सार चांगलं, बाटलीतलं कोकम सरबत नाही, त्यात साखरेचा पाक असतो. कुंदा आणि गोकाकचा करदंट यांबद्दल मी काही बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. एकादशीला दिवसभर चहा आणि संध्याकाळी ताटभर साबुदाणा, हे जठर आणि शुगर दोघांशी वैर आहे. उपास करायचाच तर आधी गोळ्यांचं विचारून घ्या.

तंबाखूबद्दल आपल्या भागात बोलणं अवघड. निपाणीच्या तंबाखूवर कितीतरी घरं उभी राहिली, तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ चं शेतकऱ्यांचं आंदोलनही त्याच मातीत झालं. पण बिडी-सिगारेट आणि जठराचा कॅन्सर यांचं नातं पक्कं आहे. मिश्री आणि गुटख्याचं तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरशी. शुगरची चौकशी करायला आलेल्या एका मावशींना विचारलं, ‘मावशी, मिश्री लावता?’ ‘दात घासायपुरती रे बाळा.’ मग हळूहळू कळलं, दात सकाळी घासतात, चहानंतर घासतात, दुपारी पडण्याआधी घासतात आणि रात्री भांडी झाल्यावर घासतात. डॉक्टरांना ‘व्यसन काही नाही’ असंच सांगितलं होतं. मिश्रीही सांगायची असते.

कुठं जायचं आणि कोणते कागद न्यायचे

शुगरची साधी तपासणी आणि गोळ्या तालुका रुग्णालयात मिळतात. दुर्बिणीसाठी बेळगावचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, किंवा नेहरूनगरचं केएलई. अथणी, कागवाड, उगारकडच्यांना मिरज जवळ, निपाणीकरांना कोल्हापूर, खानापूरच्या खालच्या गावांना कधी गोवा. कॅन्सर निघालाच तर हुबळीच्या नवनगरमध्ये कॅन्सर रुग्णालय आहे, बंगळूरला किदवई.

पैशाचं आधी बघा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, १.५ लाखांपर्यंत. तातडीचं नसेल तर आधी सरकारी रुग्णालयाची रेफरल चिठ्ठी लागते. ती न घेता थेट खासगीत भरती झालात की योजनेचा दरवाजा तिथंच बंद होतो. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, कर्नाटक सरकारनं त्याला विरोध केला. दोन राज्यांच्या भांडणात रुग्णानं अडकू नये. मिरज-कोल्हापूरला निघण्याआधी त्या रुग्णालयाच्या योजना-खिडकीला फोन करून, आपल्या गावाच्या नावासकट, ‘आमचं रेशन कार्ड कर्नाटकचं आहे, चालेल का?’ असं स्पष्ट विचारा.

नेताना फाइलमध्ये ठेवा: आधार, रेशन कार्ड, शेवटचं एचबीए१सी, हिमोग्लोबिन, किडनीचा रिपोर्ट, दुर्बिणीचा फोटोसकट कागद, बायोप्सीचा रिपोर्ट. दुसऱ्या गावी दुसरा सल्ला घ्यायला निघाला असाल तर बायोप्सी जिथं तपासली त्या लॅबमधून स्लाइड आणि मेणात जपलेल्या तुकड्याचा ब्लॉक सही करून मागून घ्या. नुसत्या कागदावर मोठे डॉक्टर बहुधा निर्णय देत नाहीत, ते स्वतः स्लाइड बघतात, आणि ब्लॉक सोबत असला की नळी पुन्हा घालून घ्यावी लागण्याची शक्यता कमी होते. जठराचा कॅन्सर निघालेल्या माणसाच्या भावंडांनी आणि मुलांनी, तक्रार असो वा नसो, त्याच फेरीत जंतूची तपासणी करून घ्यावी.